कुठले सोनवणे? – मुलाखतीच्या टेबलावर बसलेली जात

गेल्या उन्हाळ्यात पाचोऱ्याहून आमच्यातले सात जण एका मोठ्या औषध कंपनीच्या वॉक-इन इंटरव्ह्यूला गेले. सगळे बी.एस्सी. केमिस्ट्री नाहीतर फार्मसी झालेले. रात्रीच्या गाडीने निघाले, पहाटे उतरले, स्टेशनच्या नळावर तोंड धुतले, पिशवीतला इस्त्रीचा शर्ट अंगात घातला आणि औद्योगिक वसाहतीजवळच्या हॉटेलच्या हॉलबाहेर आठच्या आधी रांगेत उभे राहिले. जाहिरातीत उत्पादन, पॅकिंग आणि क्वालिटी कंट्रोल अशा तीन विभागांच्या जागा होत्या. कंपनीचे नाव आम्ही इथे लिहिणार नाही. या पोरांना उद्या परत अर्ज करायचे आहेत, आणि हा प्रश्न एका कंपनीचा नाहीच.

परत आल्यावर आम्ही सगळे विहारात बसलो. प्रत्येकाला एकच विचारले, "आत काय काय विचारले ते क्रमाने सांग." ऐकता ऐकता आमच्या लक्षात आले की उत्तरे वेगवेगळी असली तरी प्रश्नांचा क्रम एकच आहे. पूर्ण नाव. मग आडनाव पुन्हा एकदा. मग "कुठले?" मग मूळ गाव. मग वडील काय करतात. मग घरात आणखी कोण नोकरीला आहे.

मित्रांनो, ज्यांना महाराष्ट्रातली आडनावे माहीत आहेत त्यांना या "कुठले?"चा अर्थ वेगळा सांगायला नको. आपल्या खानदेशात सोनवणे मराठ्यांत आहेत, कोळ्यांत आहेत आणि आपल्यातही आहेत. गायकवाड, निकम, अहिरे यांचेही तसेच. नुसत्या आडनावावरून उलगडा होत नाही म्हणून "कुठले सोनवणे?" विचारावे लागते. गाव सांगितले की "गावात कुठे राहता?" तेही सांगितले की "वडील काय करतात?" इथपर्यंत आले की टेबलापलीकडच्या माणसाला हवे ते कळलेले असते. गोळी दाबताना तिचा वरचा थर का सुटतो, डिसोल्यूशन टेस्ट कशासाठी करतात, एचपीएलसीत पीक सरकला तर काय तपासायचे, हे विचारायची मग गरजच उरत नाही. "ठीक आहे, कळवू." मुलाखत संपली.

सातांपैकी दोघांना विषयाचे प्रश्न विचारले गेले, आणि त्यातला एक अडखळला. त्याने ते स्वतःच सांगितले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते यंत्र त्याने पाहिलेलेच नव्हते, चित्रावरून पाठ केले होते. त्याची तक्रार आम्ही या लेखात धरत नाही. ज्याला प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, त्याने अभ्यास करावा, आम्ही त्याच्यासोबत बसू. पण ज्यांना प्रश्नच विचारला नाही त्यांना "गुणवत्ता नाही" म्हणून घरी पाठवणारे हे कोण? न तपासता नापास करण्याला गुणवत्ता चाचणी म्हणतात का?

एकाला तर हसत हसत विचारले, "तुमच्यात तर सरकारी नोकरी मिळते ना, इकडे कशाला?" या एका वाक्यात सगळी व्यवस्था बोलून गेली. सरकारी भरती वर्षानुवर्षे बंद ठेवायची, असलेल्या जागा कंत्राटी करायच्या, आणि आपला पोरगा खाजगीत गेला की त्याला म्हणायचे, तुमची जागा तिकडे आहे. तिकडे गेला की म्हणायचे, आरक्षणवाला आला. या पोराने नेमके जायचे कुठे?

दुसरी एक बहीण बी.फार्म. झालेली. तिला लग्न कधी करणार हे विचारले, रात्रपाळीला घरचे पाठवतील का हे विचारले, वडील काय करतात हे विचारले. तिच्यावर दोन बाजूंनी वार झाला, बाई म्हणून आणि जात म्हणून. वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत हे तिने ताठ मानेने सांगितले. त्यानंतर समोरच्याने फाईल मिटली.

आमच्यातले काही जण एमआर म्हणून प्रयत्न करतात. तालुक्याच्या गावात हा मोठा रोजगार आहे. तिथला पहिला प्रश्न, "डॉक्टरांच्या ओळखी आहेत का? नात्यात कोणाचे मेडिकल, हॉस्पिटल?" ऐकायला हा धंद्याचा प्रश्न वाटतो. पण तालुक्याच्या बाजारपेठेत दवाखान्यांच्या आणि मेडिकल दुकानांच्या पाट्या वाचत एकदा फिरून या. त्या पाट्यांवर कोणाची आडनावे आहेत ते बघा. ज्यांना पिढ्यान्पिढ्या दुकानाच्या ओट्यावर चढू दिले नाही त्यांच्या नात्यात दुकान कुठून असणार? ओळख मागणे म्हणजे इथे जातच मागणे आहे, फक्त तोंड गोड करून.

आता आमचे काही सुशिक्षित मित्र म्हणतील की तुम्ही सगळीकडे जात बघता. घरची चौकशी सगळ्यांचीच होते. एकाची निवड झाली नाही म्हणजे भेदभाव झाला असे कसे? प्रश्न रास्त आहे, टाळायचा नाही. एका नकारावरून काहीच सिद्ध होत नाही. सात नकारांवरूनही नाही. म्हणूनच हे तपासण्याची शास्त्रीय पद्धत काढावी लागली, आणि ती आपल्याच विदर्भातल्या माणसाने वापरली.

अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. एक नाव सवर्ण हिंदू वाटेल असे, एक दलित वाटेल असे, एक मुस्लिम. ६६ आठवड्यांत ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त निष्कर्ष छापून आले. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याचे सवर्ण नावाचे पारडे १ धरले तर दलित नावाचे ०.६७ आणि मुस्लिम नावाचे ०.३३ भरले. लक्षात घ्या, इथे कोणी समोर बसले नव्हते. कपडे, उच्चार, आत्मविश्वास, इंग्रजी यातले काहीच कोणी पाहिले नव्हते. कागदावर फक्त नाव होते. "तुमची पोरे बोलण्यात कमी पडतात" म्हणणाऱ्यांनी या आकड्यांचे उत्तर द्यावे.

त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा अभ्यास आहे. त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून निवड कशी करता हे विचारले. हे अधिकारी एका श्वासात म्हणत होते की आम्ही जात मानत नाही, फक्त मेरिट बघतो. आणि दुसऱ्या श्वासात सांगत होते की उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी आम्ही आवर्जून विचारतो, माणूस घरावरून कळतो. म्हणजे विहारात बसून आमच्या पोरांनी जे सांगितले ते टेबलाच्या पलीकडून कबूल झालेलेच आहे. फरक एवढाच की ते त्याला "फॅमिली बॅकग्राउंड" म्हणतात आणि आपण जात म्हणतो.

आणि हे टेबल ज्यांच्या मर्जीने चालते ते वर कोण बसले आहेत? २०१२ साली याच साप्ताहिकात देशातल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास आला. सुमारे ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून ३.५ टक्के. ओबीसी ३.८ टक्के. ज्या देशात बहुजन बहुसंख्य आहेत तिथे ही मंडळे काय योगायोगाने अशी भरली? आपल्या ओबीसी भावांनीही हा आकडा नीट वाचावा. आमच्या सोनवण्याला "कुठले?" विचारणारा उद्या तुमच्या माळ्याला, कोळ्याला, वंजाऱ्यालाही तेच विचारणार आहे.

गंमत बघा, ज्या धंद्याबद्दल आम्ही बोलतो आहोत त्या धंद्याला हे सगळे पूर्ण कळते. नवे औषध तपासताना औषध कंपनी काय करते? कोणाला खरे औषध दिले आणि कोणाला बिनऔषधी गोळी दिली हे रोग्यालाही सांगत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत. का? कारण माणसाला आधी माहिती असली की त्याचा निकाल तिकडे झुकतो, प्रामाणिक माणसाचाही झुकतो. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. गोळीच्या बाबतीत डॉक्टरवर विश्वास ठेवायला ही कंपनी तयार नाही. पण माणसाच्या बाबतीत मात्र एचआरचा साहेब आडनाव, गाव, वाडा, बापाचा धंदा सगळे विचारून घेतो आणि वर सांगतो की माझा निर्णय निःपक्ष आहे!

आणखी एक. औषध कारखान्यात काम केलेल्या कोणालाही विचारा, पहिल्या दिवशी एक गोष्ट डोक्यात ठोकली जाते. जे लिहिले नाही ते केलेच नाही. शेड्यूल एम प्रमाणे प्रत्येक बॅचची नोंद लागते. कोणी वजन केले, कोणी तपासले, किती वाजता, सही कोणाची. एक बॅच नाकारली तर ती का नाकारली याचे कारण लिहून ठेवावे लागते. गोळ्यांची बॅच नाकारायला कारण लागते आणि जिवंत माणूस नाकारायला लागत नाही? मुलाखतीत कोणाला कोणता प्रश्न विचारला, किती गुण दिले, का नाकारले, याचा एक कागद तरी दाखवा. तुमच्याच नियमाने सांगायचे तर जी गुणवत्ता चाचणी लिहिलेली नाही ती झालेलीच नाही.

आता या गोष्टीचा शेवट ऐका. त्या सातांपैकी एकालाही कंपनीचा फोन आला नाही. पण दोन महिन्यांनी त्यातले दोघे तसल्याच एका औषध कारखान्याच्या पॅकिंग विभागात कामाला लागले, कंत्राटदारामार्फत. तेच शिक्षण, तेच आडनाव. आता त्यांना "कुठले?" कोणी विचारले नाही. कंपनीच्या हजेरीपटावर नाव चालत नाही, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर चालते. हात चालतात, माणूस चालत नाही.

हे ऐकले तेव्हा आम्हाला चाळीसगाव आठवले. पाचोऱ्याहून रेल्वेने तासाभराच्या आतले गाव. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब धुळ्याकडे आले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांच्या आग्रहावरून तिथे उतरले. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगेवाले तयार होईनात. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी तोड निघाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला, त्याला सवय नव्हती, पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. बॅरिस्टर, डॉक्टरेट, सरकारी समितीचा सदस्य, आणि गावातला टांगेवाला त्याच्यापेक्षा स्वतःला वरचा समजत होता.

भाडे हवे, माणूस नको. त्या टांगेवाल्याची ती तोड आणि आजच्या कंपनीची कंत्राटी पद्धत यात आम्हाला फरक दिसत नाही. आणि त्या काळच्या मुंबईच्या गिरण्यांत काय होते? विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धागा ओढताना तोंड लावावे लागते आणि विटाळ होतो. कमी पगाराच्या खात्यात मात्र चालत होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. खाजगी मालकाच्या दारातली जात हा त्यांच्यासाठी बाजूचा प्रश्न नव्हता. आपण मात्र नोकरी म्हटले की फक्त एमपीएससी आणि पोलीस भरतीच बघतो.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम १६ मधले नोकरीतले आरक्षण राज्यासाठी आहे, खाजगी मालकाला ते थेट लागू होत नाही, हे खरे. पण म्हणून खाजगी मालकाला रान मोकळे आहे असे नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५, कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही नोकरीत अडथळा आणणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याचे कलम १२ सांगते की असा गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत झाला असेल तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाला असे न्यायालय गृहीत धरेल, उलट सिद्ध होईपर्यंत. ॲट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने नोकरी-व्यवसायात अडवणे आले आहे. पण बंद खोलीतल्या तीन मिनिटांच्या मुलाखतीचा पुरावा कुठून आणायचा? "कळवू" या शब्दावर एफआयआर होत नाही.

म्हणून वेगळा कायदा लागतो. वेतन संहिता २०१९ मध्ये भरती करताना लिंगावरून भेदभावाला मनाई आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने आणि २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्याने खाजगी नोकरीतही भेदभावाला मनाई केली. हे चांगलेच झाले, आम्ही त्याचे स्वागत करतो. पण ज्या देशात भेदभावाचे दुसरे नावच जात आहे तिथे खाजगी भरतीतल्या जातीभेदावर असा सरळ दिवाणी कायदा का नाही? अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली, त्यात नोकरीही आली. सात समुद्रापार जात दिसते आणि मुंबईच्या विधानभवनात दिसत नाही?

आणि एक गोष्ट आपल्यातल्याच फार थोड्यांना माहीत आहे. महाराष्ट्राचा लोकसेवा आरक्षण कायदा, २००१ चा, २९ जानेवारी २००४ पासून लागू. त्यातली आस्थापनेची व्याख्या काढून वाचा. शासन अनुदानित संस्था म्हणजे काय हे सांगताना सवलतीच्या दरात सरकारी जमीन किंवा इतर आर्थिक सवलती घेतलेल्या संस्था आणि उद्योग यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. उद्योग! १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली सरकार उद्योगांना सवलती देत आले आहे. एमआयडीसीची जमीन कोणाची? ज्या शेतकऱ्यांची आणि गावांची गेली त्यांची. कर सवलत कोणाच्या पैशातून? माझी आई दुकानातून साबण घेते तेव्हा जो कर भरते त्यातून. सवलत घेताना कंपनी सरकारी आणि नोकरी देताना कंपनी खाजगी, हा कुठला न्याय? वीस वर्षांहून अधिक काळ ही व्याख्या पुस्तकात पडून आहे. आपल्या नावावर निवडून येणाऱ्यांनी ती किती वेळा सभागृहात वाचली?

२००६ साली उद्योगपतींच्या संघटनांनी सांगितले होते की कायदा नको, आम्ही स्वतःहून आचारसंहिता पाळू. ज्याच्या हातात काठी आहे त्याने स्वतःलाच शिस्त लावायची! दुसरीकडे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. कनिष्ठ पदासाठी मुलाखत म्हणजे वशिल्याला वाव, हे सरकारनेच मान्य केले. मग पॅकिंगच्या आणि क्वालिटी कंट्रोलच्या कनिष्ठ जागांसाठी लेखी परीक्षा घेऊन गुणानुक्रमे निवड करायला कंपन्यांना काय अडचण आहे?

आता थोडे आपल्या घरातले. त्या सातांपैकी एकाच्या आईने निघताना त्याच्या मनगटातला निळा धागा काढून ठेवायला लावला. मोबाईलच्या कव्हरवरचे अशोकचक्रही त्याने काढले. तरी "कुठले?" आलेच. पुढच्या मुलाखतीला जाताना त्याने आम्हाला विचारले, आडनावाच्या जागी नुसते बापाचे नाव लिहू का? आम्ही त्याला लिही म्हणालो नाही, आणि लिहू नको असे ठणकावूनही सांगू शकलो नाही. त्याच्या घरात तीन माणसे खाणारी आहेत, आमच्या स्वाभिमानाचे भाडे त्याने का भरावे? पण त्या रात्री आम्ही कोणी नीट झोपलो नाही. एकट्या पोराच्या खांद्यावर हा प्रश्न टाकून आपण जयंतीला डीजेपुढे नाचतो, ही आपली लाज आहे. समाजातल्या ज्यांना नोकऱ्या लागल्या, जे आज कारखान्यांत केमिस्ट आहेत, ऑफिसर आहेत, ते रविवारी दोन तास येऊन पोरांची तयारी घेत नाहीत, हीसुद्धा लाज आहे. समाजाला परत द्या, ही बाबासाहेबांची अपेक्षा वर्गणीने फिटत नाही.

म्हणून आम्ही पाचोऱ्यात तीन कामे धरली आहेत. एक, विहारात मुलाखत नोंदवही ठेवली आहे. मुलाखत देऊन आलेल्याने त्याच दिवशी तारीख, जागा, विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि लागलेला वेळ लिहायचा. आजवर आपल्याकडे संताप होता, नोंद नव्हती. दोन, जळगावच्या जिल्हा उद्योग केंद्राकडे माहिती अधिकारात अर्ज करायचा की कोणकोणत्या उद्योगांना प्रोत्साहन योजनेखाली काय सवलती मिळाल्या, आणि स्थानिकांना ८० टक्के रोजगाराची अट कोणी पाळली. ती यादी हातात आली की २००४ च्या कायद्यातली व्याख्या घेऊन दारात उभे राहायचे. तीन, दर रविवारी तांत्रिक प्रश्नांचा सराव. ज्याला यंत्र बघायला मिळाले नाही त्याला ते समजावून सांगायचे. आपली बाजू न्यायाची आहे म्हणून आपली तयारी कच्ची राहिलेली चालणार नाही.

जामनेर, भडगाव, चाळीसगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर इथल्या साथींनी आपापल्या विहारात अशी वही सुरू करावी. एका वहीला कोणी विचारणार नाही, पन्नास वह्यांना उत्तर द्यावे लागेल. आणि पुढच्या वेळी टेबलापलीकडून "कुठले सोनवणे?" असा प्रश्न आला तर आमचा पोरगा शांतपणे विचारेल, "साहेब, हा प्रश्न तुमच्या गुणपत्रिकेत किती गुणांचा आहे?"

त्याला एकट्याला हे विचारायची हिंमत व्हावी म्हणून आपण सगळे त्याच्या मागे उभे राहिले पाहिजे.

जय भीम! जय संविधान!